सुकेळ्यांची राखण आणि माझी पोटरी

वटार, सोमवार सकाळ

ती. जयवंतीताईस,

धाकट्या सदानंदाचा वाकून नमस्कार (आता पुन्हा नीट वाकता येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं). तुझा खोकला बसला का? फुलपाड्याला पाणी रोज येतं की अजून एक दिवसाआड? सूनबाई आर्या ऑफिसच्या गडबडीत जेवते ना, की नुसत्या चहावर असते? इकडे तुझी भावजय ठीक, केळी ठीक, चाफा बहरलाय. मी कसा आहे ते सांगायला मात्र जास्त कागद लागेल. फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो.

जानेवारीत पाय मुरगळला म्हणून मी तुझ्या जितेशच्या पूजेला आलो नाही, आठवतं? तो मुरगळला नव्हता. झालं असं, की यंदा राजेळी केळी भरभरून आली आणि तुझ्या भावजयीने सुकेळी करायला काढली. सोललेली केळी उन्हात मांडवावर पसरलेली, कावळे टपलेले, आणि राखणीला मी (बसून करायचं काम म्हटलं की घरात माझंच नाव निघतं). खाटेवर तक्क्याला टेकून सकाळी नऊला बसायचो तो उन्हं उतरेपर्यंत. ताई, काय दिवस होते ते! केळी हळूहळू सोनेरी होत चाललेली, त्यांचा गोड वास चाफ्यात मिसळलेला, कळंबच्या समुद्राकडून येणारं वारं. डोळे अर्धे मिटले की वाडीतली सावली पाण्यासारखी हलायची आणि मी तिच्यावर तरंगत कुठल्या कुठे जायचो. एकदा तर आई विहिरीवर कळशी भरताना स्पष्ट दिसली. मधे तहान लागली की तांब्याभर पाणी, मग वाडीच्या कडेला एक फेरी, परत तरंगणं. हात आपोआप मांडवाकडे जायचा. एखादं सुकेळं तोंडात टाकायचं (चव बघावीच लागते). मला वाटलं, उतारवयात माणसाला अशीच शांती मिळत असावी. ती शांती नव्हती, साखर होती. मधुमेहाच्या गोळ्या मी दिवाळीपासूनच सोडल्या होत्या, तब्येत उत्तम वाटत होती म्हणून.

आठव्या दिवशी डावी पोटरी भरून आली. दुखायची, हाताला गरम लागायची. मी म्हटलं, बसून बसून अवघडली. तुझी भावजय तेल कोमट करून रगडायला बसली तेवढ्यात बांधावरून शेजारचा व्हिन्सेंट आला, केळीची पानं मागायला. त्याने माझे दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, पानं विसरला आणि घरी जाऊन लेकीला घेऊन आला. टिफनी आता डॉक्टर आहे, ठाऊक आहे ना? (हीच ती, लहानपणी आपल्या चिकूवर चढून बसायची.) ती अंगणातूनच म्हणाली, "काकी, पायावरचा हात काढा. चोळायचं नाही."

बोटाला सुई टोचली तर साखर चारशे बारा. तासाभरात मी दवाखान्यात सोनोग्राफीच्या टेबलावर. पडद्यावर माझ्या पायातलं रक्त रंगांत वाहत होतं, निळं आणि लाल, भरतीच्या वेळी खाडीत पाणी शिरावं तसं. मी पाहतच राहिलो. आपल्या आत एवढं सुंदर काही चाललंय हे त्रेसष्ट वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मग एका जागी रंग थांबले. तिथे नुसता काळोख होता. आणि ताई, तेव्हा मात्र मी पूर्ण जागा झालो.

गुठळी होती. टिफनीला मी विचारलं, माझ्या रक्ताचा पाक झाला का गं? ती हसली नाही. "पाक होत नाही काका. पण साखर महिनोन्‌महिने चढलेली राहिली की रक्त गोठायला टपलेलं असतं. त्यातल्या बारीक चकत्या, प्लेटलेट्स, चिकट होतात, निमित्त मिळालं की गोळा होतात. गुठळीही दाट विणली जाते, शरीराला लवकर उसवता येत नाही. तुम्ही आठ दिवस बसून तिला निमित्त दिलंत." ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर, असं मी विचारायला लागलो. तिने माझा हात धरला.

रक्त पातळ करायच्या गोळ्या लागल्या, साखरेच्या पुन्हा सुरू झाल्या. रोज सकाळी व्हिन्सेंटबरोबर चालतो. साखरेची तीन महिन्यांची सरासरी अकरावरून सातवर आली आहे. टिफनी म्हणते, साखर ताब्यात राहिली तर रक्तही पुष्कळसं शहाण्यासारखं वागतं, पुन्हा काही होणारच नाही असं वचन मात्र ती देत नाही. परवाच्या सोनोग्राफीत ती काळोखी जागा नव्हती. रंग सरळ वाहत गेले. मी टेबलावर रडलो, आणि जेल गार लागलं असं सांगितलं.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
सदानंद

ता. क. एखादं सुकेळं असं वर लिहिलंय. रोजची दहा-बारा होती. तुझ्या भावजयीने कावळ्यांना उगाच शिव्या दिल्या.

ता. क. २. काल जितेशचा फोन आला. तुझा उजवा पाय चार दिवस सुजलाय, साखर तू दिवाळीपासून तपासलेली नाहीस, आणि वात म्हणून बाई लावून पाय रगडून घेतेस. त्याने सांगून ऐकलं नाहीस. आई गेल्यावर तूच मला भरवून वाढवलंस, तुझ्यावर आवाज चढवायला मला कधी जमलं नाही, म्हणून एवढी लांब हकीगत लिहिली. पाय कोणाला चोळू देऊ नकोस.

ता. क. ३. हे पत्र टपालाने आलेलं नाही, आर्याच्या हाती वर पाठवलंय. टिफनी दहाला दवाखान्यात वाट बघतेय. मी खाली रिक्षात बसलोय. चपला घाल.