तापी नंबर एक

४ सप्टेंबर १९४३

आजपासून रोजनिशी. फक्त शास्त्रीय नोंदी. घरातले रडगाणे लिहायचे नाही.

कोल्ह्यांनी भुईमुगाचा नदीकडचा पट्टा उकरून खाल्ला. सगळ्या गावात पीकरक्षणाचे लायसन्स एकट्या माझ्याकडे, म्हणून लोक माझ्या तोंडाकडे पाहतात. पाहणारच. रायफल विलायती, पण बारीक नळीची. साहेब लोक तिने कावळे मारतात. जंगल खात्यातला एक साहेब मायदेशी परत गेला तेव्हा लिलावात घेतली. काडतुसे मात्र लढाईमुळे येत नाहीत. मुंबईच्या दुकानदाराने कळवले, लढाई संपल्यावर लिहा. तोवर कोल्हे थांबणार आहेत काय?

ठरवले : काडतूस घरीच बनवायचे. तेही काटकसरीत.

माझी बायको सुगंधा म्हणाली, त्यापेक्षा आपल्या गड्याला, उखर्डूला, गोफण देऊन मळ्यातल्या माळ्यावर बसवा. बायकांना सायन्स कळत नाही.

११ सप्टेंबर

जळगावला जाऊन आलो. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी नऊ वर्षे कारकून होतो. नोकरी सोडली, कारण मॅनेजरला माझी योग्यता झेपेना. तिथला फिटर सुकदेव अजून ओळख ठेवून आहे. त्याने लेथवर पोलादाचा साचा कातून दिला. मोठ्या बंदुकीची जुनी पितळी पुंगळी त्यात ठोकली की तिची मान आवळते आणि ती माझ्या रायफलीत बसते. असे काडतूस कोणत्याही कंपनीच्या कॅटलॉगात नाही, असे मी म्हणालो. त्यावर सुकदेव म्हणाला की नसण्याला काहीतरी कारण असेल. फिटर तो फिटरच.

नाव ठेवले : तापी नंबर एक.

१९ सप्टेंबर

निम्म्या पुंगळ्यांच्या माना साच्यातच चिरल्या. दोष पितळाचा. उरलेल्या निम्म्या उत्तम, म्हणजे उत्तमच्या जवळपास.

गोळ्यांसाठी नदीवरच्या कोळ्याच्या जाळ्याचे शिसे आणले आणि फोडणीच्या कढल्यात वितळवले. सुगंधा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शांततेत काम चांगले होते.

२८ सप्टेंबर

पहिली टेस्ट. बांधावर गोवरी उभी केली. काही काडतुसे उडालीच नाहीत. एक गोळी नळीत अडकली, ती गजाने ठोकून काढावी लागली. एक उडाली, ती शेजारच्या गिरधरच्या मळ्यातल्या मडक्याला लागली. म्हणजे ताकद आहे. फक्त दिशा राहिली. रिझल्ट उत्साहवर्धक.

उखर्डूने टाळ्या वाजवल्या. हा आमचा सालदार. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालाने राहिला, येत्या आखाजीपर्यंत आमचा. अडाणी आहे, पण गुणाची पारख आहे. संध्याकाळी पारावर सांगत होता म्हणे, की आबानी, म्हणजे माझी, बंदूक इलायतले बी भारी शे.

६ ऑक्टोबर

महत्त्वाचा निर्णय. माळ्यावरची राखण बंद. गोफण नाही, डबा वाजवणे नाही, आरोळ्या नाहीत. आवाजाने कोल्हे लांब राहिले तर मी मारू कोणाला? सुगंधा म्हणाली, मग शेंगा कोण राखील? तिला समजावले की शेंगा हे आमिष समजावे.

९ ऑक्टोबर

आमिष बरेच खाल्ले गेले. कोल्हा दिसला नाही.

१७ ऑक्टोबर, दुपार

विजय!

भर उन्हात गाडीवाटेने एक कोल्हा सरळ मळ्यात आला. माणसांना भ्यालाच नाही. माझ्या शेंगा खाऊन सुस्तावला असावा, कारण झोकांड्या खात होता आणि तोंडातून लाळ गळत होती. मी नेम धरला. पहिले काडतूस दगा देऊन गेले. दुसरे उडाले. बांधावरच्या निंबाची साल उडाली, ती आवाजाच्या धक्क्याने उडाली असावी. गोळी कोल्ह्याला लागली हे नक्की, कारण तो जागच्या जागी फिरला आणि उखर्डूच्या अंगावर धावला. मरणाच्या वेदनेत त्याने उखर्डूच्या पोटरीला दात लावले. शेवटचा औपचारिक भाग उखर्डूने काठीने उरकला.

जखमेत हळद-चुना भरला. उखर्डू हसत होता. सगळ्यांना सांगत होता, आबानी बंदूक वाजनी आन् कोल्हा गरागरा फिरना, मी तं नुसती काठी टेकाडी. असा सालदार नशिबाने मिळतो.

१८ ऑक्टोबर

गावचे रूपचंद पाटील आले. कोल्हा उलटापालटा करून पाहिला. गोळीचे भोक कुठे आहे, म्हणाले. मी खुलासा केला की गोळी इतकी बारीक आहे की कातडे आपोआप मिटते. तापी नंबर एकचा हाच तर विशेष. मग पाटील म्हणाले, भर दुपारी माणसात येणारा कोल्हा शहाणा नसतो. उखर्डूला आजच्या आज धुळ्याच्या दवाखान्यात न्या. तिथे पोटात सुया देतात.

हा सरळसरळ मत्सर. कोल्हा पिसाळलेला ठरला की तो मुळातच अर्धमेला होता असे होणार. मग माझ्या नेमाला कोण विचारतो? झोकांड्या पिसाळल्याच्या नव्हत्या, गोळीच्या होत्या. झोकांड्या गोळीच्या आधी सुरू होत्या असे पाटील म्हणाले. ते तिथे होते काय?

२० ऑक्टोबर

उखर्डूची बायको भिकुबाई आली. अंगणातच उभी राहिली. बसली नाही. म्हणाली, आबा, तुम्ही शिकेल शेतस. कोल्हा याडा व्हता का शहाना, तेवढं सांगा. याडा व्हई तं मी यासले आजच धुयाले लई जासू. धुळ्याच्या वाटेसाठी तिने बरोबर भाकरी बांधून आणली होती.

उखर्डू गोठ्याच्या दारात उभा राहून माझ्याकडे पाहत होता. पारावरची चार माणसेही येऊन थांबली होती. अशा वेळी डगमगणे माझ्या स्वभावात नाही. मी एकवीरेची शपथ घेतली की कोल्हा शहाणा होता आणि माझ्या गोळीने मेला. भिकुबाईने तिथल्या तिथे गाठोडे सोडले आणि दोघांनी अंगणातल्या निंबाखाली बसून भाकरी खाल्ली. उखर्डू लगेच कामाला लागला.

शपथ तशी खोटी नाही. पुराव्याअभावी खरीच म्हणायची.

२ नोव्हेंबर

दिवाळी चांगली गेली. उखर्डूची जखम भरली. पाटील भेटले तेव्हा मी त्याला मुद्दाम चालून दाखवायला लावले. पाटलांनी पाहिले आणि मान फिरवली. हरलेल्या माणसाने अशीच फिरवायची.

तापी नंबर दोनचा विचार सुरू.

२६ नोव्हेंबर

उखर्डूच्या पोटरीला मुंग्या येतात. जुनी खूण ठणकते म्हणतो. थंडी पडली आहे. थंडीने माझाही गुडघा दुखतो, म्हणून मी काय पिसाळलो? त्याला आराम सांगितला. आज त्याने बैलांना विनाकारण मारले. या माणसाने कधी बैलावर हात उचलला नव्हता.

२७ नोव्हेंबर

झोपेचा प्रश्न असावा. घसा धरला आहे म्हणतो. माझ्या प्रयोगांचा धूर त्याच्या घशात गेला असेल. तसे असेल तर दोष माझा, हे मी मोठ्या मनाने कबूल करतो.

२८ नोव्हेंबर, सकाळ

सुगंधाने त्याला तांब्याभर पाणी दिले. तांब्या तोंडाजवळ नेताच त्याचे सगळे अंग ताठ झाले. तांब्या पडला. जमिनीवरून वाहणारे पाणी पाहून तो भिंतीला चिकटला. सुगंधाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, पाणी फार गार असेल. मी खरेच तसे म्हणालो.

दुपार

पाटलांच्या गाडीतून धुळ्याला नेले. वाटेत पांझरेचे पाणी दिसू नये म्हणून भिकुबाईने त्याच्या डोक्यावरून आपला पदर ओढला. डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही, चावल्याबरोबर आणायला हवे होते. का आणले नाही? भिकुबाई उखर्डूच्या डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली. मी सांगितले की खेड्यातले लोक अंधश्रद्धाळू असतात.

हे वाक्य मी लिहून ठेवतो आहे. खोडणार नाही.

२९ नोव्हेंबर

त्याला परत आणले. गोठ्याशेजारच्या खोलीत खाटेला बांधले आहे. मधेच शुद्धीवर येतो आणि नेहमीसारखा बोलतो. मला पाहून म्हणाला, आबा, दोर सैल करा, मी कोणले चावाव नही. मग म्हणाला, माले काय व्हयनं?

मी सांगायला गेलो होतो. दारात उभा राहून वाक्य जुळवले होते. आत गेल्यावर म्हणालो, आखाजीपर्यंत ठणठणीत होशील. तो हसला. मला भीती वाटते. त्याची नाही.

३० नोव्हेंबर

उखर्डू गेला.

९ डिसेंबर

आज सकाळी भिकुबाई कामावर आली. मी म्हणालो, काय हे, घरी जा. ती म्हणाली, साल आखाजीले पुरं व्हई. नवरा मेला म्हणून साल मोडायची रीत नाही. नवऱ्याचे उरलेले महिने बायकोने भरायचे. मी रीतीविरुद्ध बरेच बोललो. ती शेण भरत राहिली.

शेवटी तिच्यासमोर जाऊन सांगितले. माझा नेम चुकला होता. गोळी कोल्ह्याला लागलीच नाही. आजवर हे मी स्वतःलाही सांगितले नव्हते. वाटले, ती टोपली फेकून मारील. मारली असती तर बरे झाले असते.

तिने हात पुसले. म्हणाली, नेम चुकना ते आख्खा गावले माहीत शे, आबा. आमना घरधनीनीच त्या रोज घरी यीसन हासत हासत सांगं. आम्ही तुमले नेमनं कव्हा इचारं? आम्ही कोल्हानं इचारं व्हतं.

मग तिने बैल सोडले आणि त्यांना पाणी दाखवायला नदीवर घेऊन गेली.