बादलीतली मरळ

अहो,

पवईहून आणलेली मरळीची पिल्लं बादलीत शोधू नका. कापून त्यांचं कालवण केलंय, चांगलं खदखदून उकळलंय. आईंना वाढा, तुम्हीही जेवा.

माणिकला घेऊन मी मुलुंडला ताईकडे जातेय. दमा जावा म्हणून उद्या तिला जिवंत मासा गिळायला लावणार होतात ना? डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले, तलावातल्या कच्च्या माशात अळ्या असतात, त्या माणसाच्या कातडीखाली फिरतात, डोळ्यातही शिरतात. घरी येऊन आईंसमोर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

तिच्या दम्याच्या गोळ्या मी सोबत घेतल्यात.

काल झोपताना तिने विचारलं, "मासा पोटात हलला तर मी रडले तर चालेल?"

तिला काय सांगायचं ते ठरवा, मगच न्यायला या.

सुलक्षणा