उतरवलेला षड्ज

बाई,

परवा सीताबर्डीच्या सभागृहात माझं गाणं झालं. टाळ्या झाल्या, शाल मिळाली, पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर डोळे पुसले. तेव्हापासून मी तुमच्या फोटोसमोर उभं राहायचं टाळतो आहे. उदबत्ती बायको लावते.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या गळ्यात नुसती सिनेमाची गाणी होती, तीही वाडीला गोदामांपुढे उभ्या असलेल्या ट्रकांमधून ऐकलेली. बाप टायरचे पंक्चर काढायचा आणि मी गात बसायचो. वाटलं होतं, हाकलून द्याल. तुम्ही स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत होता, रेडिओ चालू होता. "गाऊन दाखव," म्हणालात. मी ट्रकच्या वरताण आवाज लावला. "हळू गा, शेजारचे येतील धावत," म्हणून हसलात. मग म्हणालात, "पण कान लय तिखट आहेत तुहे. गाणारीनं श्वास कुठं चोरला, तेही उचललं तुनं." सिनेमाचं गाणं तुम्ही कधी हलकं मानलं नाही. भाजी निवडता निवडता त्यातल्या एखाद्या जागेवर मला थांबवून राग उलगडून दाखवायचात, आणि मग पुन्हा देठं मोडायला लागायचात. त्या कानांवरच मी आजवर जगलो. शिकवण्या, क्लास, बर्डीवरची पाटी, सगळं त्यांचंच.

आणि त्याच कानांनी मी तुमची शेवटची बैठक ऐकली. महाल भागातल्या एका घरची दुपार. पेटी तुम्ही कधी साथीला घेत नव्हता, त्यामुळे तुमच्या मागे मी आणि माझ्या मांडीवरचा तंबोरा, एवढंच. तबलजी अजून हात बांधून बसला आहे. तुमचा आलाप चालू आहे आणि षड्ज जरासा, अगदी केसाएवढा, खाली लागतो आहे. समोर कोणाला कळलेलं नाही. मला कळलं. छेडता छेडता मी तारांचे सूर जुळवायचे मणी हलवत गेलो आणि तंबोरा उतरवून तुमच्या गळ्याशी आणून ठेवला. मोठी सेवा केली असं वाटून मी बसलो होतो. तुम्ही गाणं थांबवलंत. मान वळवलीत.

"काहून उतरवला गा?"

मी मण्यांवरची बोटं काढून घेतली.

"माहा गळा उतरून राहिला, तार नाही. चढव तिले."

भरल्या बैठकीत मी तंबोरा पुन्हा चढवला. तुम्ही पुन्हा गायलात, पुन्हा खाली आलात, आणि या वेळी सगळ्यांना कळलं. तशाच शेवटपर्यंत गायलात. घरी आल्यावर चहाचा कप माझ्यापुढे ठेवून विचारलंत, "दया आली काय माही?" मी म्हणालो, "नाही बाई, आदर." "मंग ऐकायचं होतं ना गुपचूप. जसं येऊन राहिलं तसं." त्यानंतर तुम्ही चारचौघांत गायला नाहीत. मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं की बाई उगाच कठोर झाल्या.

हल्ली माझ्याकडे येणारी मुलं फोनवरच्या गाण्यांवर वाढलेली. त्या गाण्यांत कोणाचा सूर हलतच नाही, यंत्र सगळ्यांना ओढून जागेवर बसवतं. मी पालकांसमोर त्यावर तावातावाने भाषण देतो. आणि परवा मी स्वतः आलाप करतो आहे, माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी मागे फोनवरचा तंबोरा लावून बसली आहे, आणि माझा षड्ज खाली लागतो आहे. मला दुसऱ्या क्षणाला कळलं. तिलाही कळलं. तिने बोटाने पडद्यावर काहीतरी केलं आणि तंबोरा माझ्याकडे खाली आला. तबलजीने मुकाट्याने हातोडी घेतली आणि तबलाही तेवढाच उतरवला. मला थांबता आलं असतं. बाई, खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की पुढचा ख्याल मी रंगवून गायलो.

काल क्लास सुटल्यावर ती मागे थांबली. "सर, मी तंबोरा थोडा कमी केला होता. चाललं ना?" तिचा चेहरा त्या दुपारी माझा होता तसाच होता, बक्षिसाची वाट बघणारा. तुम्ही मला जे विचारलंत ते तिला विचारायचं, एवढंच माझं काम होतं. मी चपला शोधत म्हणालो, "कधी? माझ्या तर लक्षात नाही आलं." वर्गभर माझ्या कानांच्या गोष्टी सांगत फिरणारी ती पोरगी. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग जमिनीकडे. "हो का," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

तिला एकदा बसवून सगळं सांगेन असं मघापासून लिहायचं म्हणतो आहे, हात चालत नाही. त्याऐवजी जे झालं आहे तेच लिहितो. पुढच्या महिन्यात सावनेरला माझं गाणं आहे. तंबोऱ्यावर कोण बसणार, असं आयोजकांनी सकाळी फोनवर विचारलं, आणि मी तिचंच नाव सांगितलं.