पुरवणीत छापलेले आईचे पाय

८ मार्च
पुरवणीवाल्या बाईंचा फोन. विषय : रोजच्या जगण्यातली लहान सुखं. माहेर-बालपण असेल तर उत्तम, पण रडकं नको. हो म्हटलं. दिवसभर काही सुचलं नाही. मग टाचांच्या भेगांना मलम लावताना आईचे पाय आठवले.

सालेकशाच्या बाजारातून गावी परतताना डांबर तापलेलं असायचं. माझ्या पायात चप्पल नाही, तिच्याही नाही. मी रडायला लागले की ती थांबायची. म्हणायची, "चढ." मी तिच्या पावलांवर पावलं ठेवून, कमरेला मिठी मारून उभी राहायची. डोक्यावर टोपली घेऊन ती तशीच. माझे पाय निवेपर्यंत हलायची नाही.

हेच लिहायचं. याहून मोठं सुख पुढे मिळालं का? नाही मिळालं.

१५ मार्च, रविवार
छापून आलं. शेवट माझा मलाच आवडला : आताशा तिच्या तळव्यांना काटा टोचलेलाही कळत नाही, आमच्यासाठी इतकी चालली की तिचे पाय जमिनीचेच होऊन गेले. सकाळपासून फोन. ललितानं, माझ्या भावाच्या, राजूच्या बायकोनं, आईला वाचून दाखवलं. आई फोनवर म्हणाली, "पायावरच काऊन लिवली वो? तोंड नाही का मले?"

पण कात्रण पदराच्या गाठीत बांधून फिरते म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला गाठ सोडून दाखवते.

भाऊ, भावजय, आई. सगळे एका फोनच्या अंतरावर. आणखी काय लागतं माणसाला.

२१ मार्च, गावी
मोहफुलं पडायला लागली म्हणून आले. यंदाही आईच पुढे. झाडाखालचा पाला काल तिनेच झाडून पेटवला. जमीन काळी झाली की सकाळी पडलेलं पिवळं फूल लांबून दिसतं, वेचायला सोपं. दरवर्षीचंच. राजू म्हणाला होता, वरून पाणी मार. ऐकते कुठे.

सकाळी वेचताना वास आला. मांस भाजल्याचा. वाटलं, पाल्यात सरडा सापडला असेल. आई वाकून टोपली भरत होती, ललिताची थट्टा करत होती, "हात चालव वो, नाही त गायी खाऊन जातीन." तिचा उजवा पाय राखेत. राखेखाली मुळाशी निखारा होता.

ओढलं तिला. तळवा पाहिला. तो इथे लिहवत नाही.

तिनेही पाहिला. हसली. "मले त काहीच नाही समजलं. घाल आता तुह्या पेपरात."

२४ मार्च
दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकत नाही. हळद अन् खोबरेल चालू. शेजारणी बघायला येतात, त्यांना सांगते, "पेपरात आला आहे माहा पाय. ह्या पायाले काही होत नाही." गाठ सोडून कात्रण काढते. मी समोरच बसलेली. एक म्हणाली, "पोरगी असावी त अशी."

त्या गेल्यावर म्हटलं, "आई, ते लिहिण्यापुरतं असतं."
"म्हंजे खोटं लिवली का?"
"नाही."
हे 'नाही' का म्हटलं मी.

२७ मार्च, गोंदिया
काल ताप चढला. आज राजूनं उचलून ऑटोत घातली. पायाची बोटं काळी पडलेली. साखर तपासली तर खूप. आजवर कधी तपासलीच नव्हती.

डॉ. बाईंनी विचारलं, "पायातलं समजणं केव्हापासून गेलं?"
राजू म्हणाला, "असतील चार-पाच साल. काटा मोडला तरी चालत राहायची. आम्ही कौतुक करत होतो."
"कौतुक कसलं? आजार आहे तो. साखरेनं नसा मेल्या. रोज कुणीतरी तळवे बघायला हवे होते."

रोज. मी त्यावर अर्धं पान लिहिलं, अन् तळवा एकदा उलटून पाहिला नाही.

व्हरांड्यात राजू बोलला. ओरडला नाही, तेच वाईट. "तू त लिवून मोकळी झाली. ते तुह्या कागदाच्या भरवशावर बसली." मग भजी आणली त्यानं. अर्धी माझ्यापुढे सरकवली. खाल्ली मी. गरम होती. चांगली लागली, याची लाज…

२८ मार्च
पाय गुडघ्याखालून काढावा लागणार. नाहीतर आईच जाईल. डॉ. बाई तिला समजवायला बसल्या, पण तापात तिला धड ऐकू येत नव्हतं. "माह्या पोरीले सांगा," म्हणाली. "शिकलेली आहे ते. ते म्हणन तसं करा."

संध्याकाळी जरा ताप उतरला. मला जवळ ओढलं.
"कापत त नाहीत ना वो?"
"नाही. सडलेलं साफ करून देतात."
"कापाचा असंन त सांग. मी घरी जातो. पाय घेऊनच मरतो."
"नाही म्हटलं ना."
"तुहा भरवसा आहे." डोळे मिटले तिने.

राजू दारात होता. त्यानं ऐकलं. चांगलं केलं की वाईट, त्याच्या तोंडावरून कळेना. डॉ. बाईंनी नंतर विचारलं, नीट सांगितलं ना त्यांना? मी हो म्हणून मान हलवली.

२९ मार्च
झालं. वाचली.

फोनवर कुणा वाचकाचा निरोप : 'आपल्या मातोश्रींच्या चरणांना माझा साष्टांग नमस्कार कळवा.'
चरणांना.

पुरवणीवाल्या बाईंनाही त्याच धर्तीचा आणखी एक लेख हवा. 'नक्की' असं लिहून पाठवलं. कसं लिहिलं गेलं, माहीत नाही.

३१ मार्च
आई शुद्धीवर. पेज प्यायली, ललिताच्या हाताला मीठ नाही म्हणाली. शेजारच्या खाटेवरची बाई हसली, "अम्माजी तो आज एकदम फर्स्ट क्लास!" उठून बसायचं नाही असं आम्ही तिला बजावलं आहे. राजूनं उजवीकडे चादरीखाली शाल गुंडाळून ठेवली आहे, चादर दोन्हीकडे सारखी दिसावी म्हणून. डॉ. बाई रागावल्या. आजच सांगा म्हणाल्या, नाहीतर मी सांगते. राजू म्हणतो, तू सांग, तूच 'नाही' म्हटली होती. मी दुपारपर्यंतचा वेळ मागितला.

दुपार झाली. तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली,
"अंगठा खाजवून राहिला वो."
"कुठला?"
"उजवा. त्याच पायाचा." अन् चेहरा उजळला. "किती सालानं समजून राहिलं मले! राजू, पाह्य, दवाई लागू पडली."

राजू खिडकीकडे तोंड करून उभा.

"पाहून काय राहिली? खाजव ना."

चादरीखाली हात घातला. शालीवर नखं ओढली.

"थोडं खाली," आई म्हणाली.