परवाना तीनला आला

ती. बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. तुमचा गुडघा काय म्हणतो? स्वेटर अगदी मापात बसला.

आईला पत्र इथपर्यंतच वाचून दाखवा. ती सगळ्यांना सांगत असते, पोरगी समुद्रातल्या मुक्या जीवांना वाचवते म्हणून.

आमच्या बचाव केंद्राचा परवाना एकतीस तारखेला संपला. नव्याचा अर्ज मी महिनाभर आधीच दिला होता, तो वर सहीला अडकला. आणि मंगळवारी सकाळी किनाऱ्यावर एक डॉल्फिन येऊन पडला, जिवंत. परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. वर कळवायचं आणि लांबून नोंद करायची, बस.

मी सहा फोन केले. "मॅडम, सही होतेच आहे," एवढंच उत्तर. त्याचं अंग सुकू नये म्हणून घालायची ओली चादर हातात धरून मी त्याचे श्वास मोजत राहिले. एक आजीबाई म्हणाल्या, "अगं, जनावरांची डॉक्टर ना तू? मग बघत काय उभी राहिलीस?"

सव्वाबाराला तो गेला. परवाना तीनला आला. रिपोर्ट वेळेत आणि व्यवस्थित दिला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली.

कागद हातात आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तुमची अख्खी नोकरी त्यावर निभावली. माझं काही चुकलं का, बाबा? कायद्याचं विचारत नाहीये.

ती चादर अजून बादलीत भिजतेय. मला ती पिळवत नाही.

तुमची
धाकटी