काचपेटीतली प्लॅस्टिकची झाडं

आदिलाबाद,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९९६

प्रिय तारा,

जयभीम. मी बरी आहे. गुडघे आहेत तसेच आहेत, थंडी पडली आहे, नळ एक दिवसाआड येतो. तू सुखरूप पोचली असशील असं धरून चालते. पोचल्याचं कार्ड टाकायची पद्धत हैदराबादेत नसावी.

आता मुद्दा. रविवार, १७ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. मी न्हाणीत असताना तू काचपेटीतली सगळी जिवंत झाडं उपटलीस, हातपंपाजवळच्या कचऱ्यावर टाकलीस आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकची सहा झाडं खोचलीस. त्यातलं एक गुलाबी आहे. गुलाबी झाड मी साठ वर्षांत कुठल्या तळ्यात पाहिलेलं नाही.

"अक्का, आता तुले दोरा बांधाचा तरास नाही," तू म्हणालीस. "मळलं का काढाचं, साबनानं धुवाचं, पुना लावाचं. झालं."

दारात रिक्षा उभी करून तुझा दौलत म्हणाला, "मावशी, खास तुमच्यासाठी आणलीत. मरणार नाहीत कधी."

मी फक्त म्हणाले, "बस चुकेल." तू म्हणालीस, "काऊन रागावते वं अक्का?" त्याचं उत्तर या पत्रात आहे.

तुम्ही गेल्यावर मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. ती आपली लठ्ठ मासोळी, जिला तू, मी शिकले त्या मिशनच्या शाळेतल्या मुख्य सिस्टरांवरून, 'मदर' म्हणतेस, तिने गुलाबी पान तोंडात धरलं आणि थुंकलं. पुन्हा धरलं, पुन्हा थुंकलं. धाकटा मासा तर एका कोपऱ्यात तोंड लपवून राहिला. मग मी उठून कचऱ्याजवळ गेले. पलीकडच्या रेणुकाबाई चूळ भरत होत्या. "काय हरवलं बाई?" म्हणाल्या. निवृत्त हेडमिस्ट्रेस भाजीच्या देठांत हात घालून बसलेली बघायला मिळाल्यावर कुणालाही आनंद होणारच. "पीएफचे कागद," मी म्हणाले. चार काड्या हिरव्या सापडल्या. त्या तामचिनीच्या परातीत ठेवल्या आहेत. दोन कुजल्या, दोन तग धरून आहेत.

आठवतं ना, ती पेटी मी ऐंशी साली नागपूरहून बसमध्ये मांडीवर घेऊन आले होते? तुला या घरी येऊन वर्ष झालं होतं. दौलतचे बाबा गेल्यापासून तू दिवसचे दिवस बोलत नव्हतीस. दौलत सात वर्षांचा, तोही भिंतीकडे बघत बसायचा. घरात काहीतरी हलतं-डुलतं हवं म्हणून मी दोन सोनमासे आणले. पैसे उधळले म्हणून तू पहिल्यांदा माझ्याशी भांडलीस. मला इतकं बरं वाटलं होतं!

आणि मग झाडं. पहिल्या खेपेला लावली, सकाळी सगळी वर तरंगत होती. दुसऱ्या खेपेलाही तेच. सोनमासा म्हणजे डुकराची जात, सारखा तळ उकरणार आणि कोवळं दिसेल ते खाणार. मी विज्ञान शिकवायचे, प्रकाशसंश्लेषणाची आकृती डोळे मिटून काढायचे, पण दोन माशांपुढे हात टेकले. शिकवलं ते बोथच्या शाळेतल्या केशवराव सरांनी. पेपर तपासायला आमच्या शाळेत आले होते, चहाला घरी आणले तर पेटीसमोरून हलेनात.

"बाई, या माशाले झाड लावून नाही चालत. बांधा लागते. आन् बांधाच्या आंधी त्याचं पोट भरा लागते."

पुढच्या रविवारी बोथहून बसने आले, हातात पत्र्याचा डबा. डब्यात तळ्याचं पाणी आणि त्यात फितीसारख्या लांब पानांची झाडं. वर टिकल्यांसारखी तरंगणारी हिरवळ, ती माशांना खायला. झाडं आधी पोटॅशच्या जांभळ्या पाण्यात बुडवून घेतली, गोगलगाई मराव्यात म्हणून. मग गोटे मागितले. बांधायला मी नायलॉनचा दोरा दिला तर म्हणाले, "हा नको, बाई. कापसाचा द्या. मुळं धरेपर्यंत धरते, आन् मुळं धरली का आपोआप सुटते." तू आत वाती वळत होतीस. कापूस तसाच हातात घेऊन बाहेर आलीस आणि तिथेच बसून मांडीवर दोरा वळून दिलास. त्या दिवसापासून ती बाग तुझी झाली. दर पंधरवड्याला बाह्या सारून पेटीत हात घालायचीस, आणि मदर तुझ्या बोटांना ढुशा द्यायची. मला तिने एकदाही दिली नाही.

त्यानंतर सर किती रविवार आले ते तुला माहीत आहे. पत्नी जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती, घरी एक मुलगी आणि म्हातारी आई. येताना डब्यात झाडं, जाताना तू तोच डबा कधी लाह्यांनी, कधी मुरमुऱ्याच्या चिवड्याने भरून द्यायचीस. कुणाचं भांडं रिकामं पाठवू नये, हे आईने आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं.

तारा, आता जे लिहिते ते मी चार वेळा लिहून फाडलं आहे.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये एका रविवारी तू दौलतला घेऊन तामसीला लग्नाला गेली होतीस. सर आले. झाडं दिली. मग चहा पुरता निवू दिला आणि म्हणाले, "बाई, तुमी मोठ्या आहा. ताराबाईले विचारसान का? दौलतले मी आपलाच समजीन."

आपल्या समाजात यात काहीच वावगं नव्हतं. आपले बाबा असते तर त्यांनी त्याच दिवशी पेढे वाटले असते. तू पस्तिशीची. तुला विचारायचं, एवढंच माझं काम होतं.

मी उठले. डबा विसळला. फडक्याने कोरडा पुसला. आणि रिकामा त्यांच्या हातात दिला.

ते डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं आहे, बाई," आणि चपला घातल्या.

तू तामसीहून आल्यावर पुढचे तीन रविवार लाह्या भाजून ठेवल्यास. चौथ्या रविवारी विचारलंस, "अक्का, सर काऊन नाही येऊन राह्यले?" मी म्हणाले, "भीमपूरला बदली झाली." बदली खरंच झाली होती, त्यांनी ती मागून घेतली होती. म्हणजे मी खोटं बोलले नाही. सिस्टरांच्या शाळेत शिकल्याचा हा एक फायदा, खोटं न बोलता फसवता येतं.

तुझं भलं म्हणून केलं असं मी मनाला सांगत आले. दौलतचे हाल होतील, सासू कशी असेल, लोक काय म्हणतील. सगळं झूट. तू गेली असतीस तर संध्याकाळी या घरात मी आणि मासे उरलो असतो. तेवढंच कारण होतं.

आणि बघ, जूनमध्ये तू दौलतकडे जायला निघालीस तेव्हा दारात थांबून विचारलंस, "अक्का, जाऊ ना मी?" मी पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुझा मुलगा, तुझी मर्जी." दोन महिन्यांसाठी म्हणून गेलीस, आणि या रविवारी येऊन ट्रंकही नेलीस. जिला परत यायचं असतं ती मरणार नाहीत अशी झाडं लावून जात नाही. हे मला न्हाणीतून बाहेर आल्या आल्या कळलं. गुलाबी रंगाचा राग नंतरचा.

बुधवारी मी बोथला गेले. आदिलाबादच्या स्टँडवर दीड तास बस नाही, आली ती खच्चून भरलेली. तळ्यावरून मूठभर झाडं आणायची आणि परत फिरायचं, एवढंच ठरवलं होतं. काठावर चिखलात उभी राहून छत्रीच्या दांड्याने ओढत होते, तर मागून आवाज आला, "तशी मुळं तुटते, बाई."

सरच होते. केस पांढरे झालेत. गेल्या वर्षी निवृत्त होऊन बोथला परतले, मुलगी किनवटला दिली, आई वारली. एकटेच राहतात. पायजमा वर खोचून पाण्यात उतरले, झाडं मुळांसकट काढून दिली. मी म्हणाले, "सर, तो रिकामा डबा मी ताराला न विचारता दिला होता."

ते बराच वेळ हातांचा चिखल धूत राहिले.

"मले वाटलं, त्यायनंच सांगतलं असन," ते म्हणाले. "तेरा वर्षं तसंच समजून राह्यलो."

मग विचारलं, "दोरा कोन वळते आता?" मी माझी बोटं दाखवली. सांध्यांनी वाकडी झालेली बोटं बघून म्हणाले, "रविवारी, एक तारखेले येतो. बांधून देतो." निघताना पाठ फिरवूनच बोलले, "ताराबाई असन का?"

माझ्या जिभेवर 'नाही' आलं होतं. तू हैदराबादेत, ट्रंकसुद्धा गेलेली, उत्तर सोपं होतं. मी म्हणाले, "तिला विचारून कळवते."

म्हणून विचारते आहे. तुला यायचं आहे का? नसेल तर ते त्यांना कसं सांगू, तेही तूच लिही. माझ्यावर रागावलीस तर तेही लिही, पण वेगळ्या कागदावर. तो कागद माझा.

दौलतच्या अक्षरातलं उत्तर मी वाचणार नाही. त्याला मजकूर सांगायचा नाही आणि त्याने तो सुधारायचा नाही. तुला लिहिता येतं, मी स्वतः शिकवलं आहे, वेलांट्या चुकल्या तरी चालतील. शनिवार, ३० नोव्हेंबर, दुपारी एक वाजता पोस्टमन आपल्या गल्लीत येईल. तेव्हा तुझ्या हातचं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं तर रविवारी सरांसमोर मी गप्प बसेन. तुझ्या वतीने आता एक शब्दही बोलणार नाही.

वाट बघते, अपराधी आहे, तरीही तुझी थोरली,
द्वारका