खांडेनवमी आणि नऊ काळे दट्टे

चि. हरीओम यास मालेगावहून भाऊजी जानरावचे आशीर्वाद. तुही तब्येत ठीक असंल, पुण्यात जेवण वेळेवर होत असंल, असं धरून चालतो. इकडे सारं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, पण बाप्पा, खोटं कायले लिहू? फोनच करणार होतो, पण फोन उचलला की तुही ताई बाजूले येऊन बसते. म्हणून पार्सलातच ही चिठ्ठी घातली.

पार्सल उघडायच्या आधी खाली बस. आपल्या पेंटबॉलच्या बंदुकांतले जे दट्टे तू कारखान्यातून काळा थर चढवून पाठवले होते, तेच आहेत हे. ओळखू येते का? मलेही आले नाई. तुले तं माहीत आहे, दट्ट्या आत मागंपुढं सरकला की हवा सुटते आणि रंगाची गोळी बाहेर पडते. आपल्या शेतातल्या पेंटबॉलच्या मैदानावरची काळ्या मातीची धूळ आत जाऊन ते घासत, अडकत. तू म्हणाला होता, भाऊजी, थर केसाहून पातळ आहे, पण लोखंड झिजंल, हा झिजणार नाई, आणि तेलाचा थेंबही लावू नका. मी तं निर्धास्त झालो. दसऱ्यानंतरच्या रविवारी वाशीमचे तरुण वकील खेळायले येणार होते. ते खुश होऊन गेले तरच मैदान राहील, नाई तं सोमवारी तिथं हरभरा पेरीन, अशी तुह्या ताईची अट होती. (तुही ताई बोलली की बोलली.)

आता खांडेनवमीचं ऐक. आपल्या घरी त्या दिवशी विळ्यापासून मोटरपंपापर्यंत सारं घासूनपुसून पूजेले मांडतात. मी सोयाबीन घेऊन वाशीमच्या मार्केटात गेलेलो. इकडे तुह्या ताईनं, चतुराबाईनं, बंदुकाही पूजेले काढल्या, उघडल्या (उघडायचं तूच तिले व्हिडिओ कॉलवर शिकवलं, हे मी विसरलो नाई), आणि आत पाहते तं काय, काळंकुट्ट! एवढी काजळी घेऊन देवापुढं ठेवायचं का म्हणे. राख लावली, चिंच लावली, तारेच्या घासणीनं घासलं. थर जागचा हलला नाई! हरीओम, तुह्या कारखान्याले मानलं. पण तिथंच घात झाला, कारण तुही ताई इरेले पेटली. सारे दट्टे पदरात बांधून बादलच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली आणि ग्राइंडरवर घासून आणले. तो बिचारा विचारत होता म्हणे, काकू, नक्की ना? मी घरी आलो तं पाटावर नऊ दट्टे चांदीसारखे चमकून राह्यले, वरून तिळाच्या तेलात कालवलेला शेंदूर! ती म्हणे, पाहा, कसे निघाले! दहावी बंदूक तेवढी वाचली, कारण पूजेत मधोमध ठेवायले ती अख्खीच पाहिजे होती, झेंडूच्या माळेसकट.

रविवारी वकील आले. घोडा दाबला की फुस्स, आणि गोळी आपल्याच बुटावर. चारी बाजूनं फुस्स फुस्स. एक उंच वकील मले नोटिशीच्या गोष्टी सांगू लागला. तुही ताई बांधावर हरभऱ्याचं बियाणं घेऊन आधीच हजर. मले वाटलं, संपलं सारं. तो वकील तिच्याकडे वळून म्हणाला, काकू, असं मैदान चालवणं हे तुम्हा खेड्यातल्या लोकांचं काम नाई. झालं! तिनं माळेची बंदूक उचलली (पूजेतली आहे, दुसऱ्याच्या हाती देणार नाई म्हणून संगच आणली होती) आणि सण्णकन त्याच्या मुखवट्यावर केशरी गोळी. मी डोळेच मिटले. आता जेल, म्हटलं. डोळे उघडले तं सारे वकील हातानं गोळ्या फेकत तिच्या मागं, आणि ती तुरीआडून एकेकाले टिपून राह्यली. गुडघे दुखते म्हणून देवळाची पायरी न चढणारी बाई, हरीओम, पळत होती! मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलो नाई.

तरी नऊही दट्ट्यांवर पुन्हा थर चढवून लवकर धाड. लेकराबाळांना आशीर्वाद.

तुहा भाऊजी,
जानराव

ता.क. वकिलांनी पुढच्या रविवारचंही ठरवलं, पण काकू असतील तरच येऊ म्हणे. तुह्या ताईनं बियाणं शेजारच्या बबनरावले देऊन टाकलं.

ता.क. दुसरा. वर लिहिलं ते सोड. दट्टे पाठवू नको. कारखान्यात लय काम आहे, दिवाळीनंतर पाहू, असं ताईले फोनवर सांग. सगळ्यांच्या बंदुका चालू झाल्या तं ती पुन्हा बांधावर जाऊन बसंल. त्या रात्री केसात केशरी रंग घेऊन ती ताटावर बसली आणि भाकर मोडता मोडता एकटीच हसत सुटली. इतक्या वर्षांत मले माहीतच नव्हतं रे, ती एवढ्या मोठ्यानं हसते.